हॅलोताईची यादी

माझ्या थोरल्या बहिणीला आख्खी गल्ली हॅलोताई म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तिला त्यात काही वाटत नाही. फोन उचलून ती जो ‘हॅलो’ म्हणते त्यातच ‘बोला, मी ऐकतेय, घाबरू नका’ एवढं सगळं असतं. समोरचा माणूस रडत असला तरी दोन मिनिटांत पत्ता नीट सांगू लागतो. मी तिचा धाकटा भाऊ. मला असं प्रेमाचं नाव कोणी ठेवलेलं नाही. बायको म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. डेपोतले लोक काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वडील गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. ती एकोणीस वर्षांची, मी पाच. म्हणजे मला वाढवलं तिनेच, आणि अजूनही तिला वाटतं की ते काम पुरतं झालेलं नाही. तेव्हा फोन आपोआप लागत नसत. समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड, कानाला हेडफोन, हातात प्लगच्या दोऱ्या. कुणी फोन उचलला की ताई विचारणार, नंबर ऐकणार, एक प्लग इथे, दुसरा तिथे. दोघांचं बोलणं सुरू. बोर्डावर त्या दोरीचा दिवा स्थिर पेटला, की समजायचं बोलणं संपलं, फोन खाली ठेवला. दोरी ओढून काढायची, पुढच्याला द्यायची. दिवसाला हजारभर दोऱ्या लावायच्या आणि काढायच्या. बावीस वर्षं तिने हेच केलं.

यादी तिथेच सुरू झाली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या मुलाला एकदा रक्त हवं होतं. ताईने शिफ्ट संपल्यावर वरिष्ठांची परवानगी घेतली आणि ओळखीच्या प्रत्येक नंबरावर फोन लावत बसली. सतरावा माणूस आला. बाकीच्या सोळांपैकी काहींचा गट जुळत नव्हता, पण ते म्हणाले, ‘पुन्हा कधी लागलं तर सांगा.’ असं म्हणणारी माणसं जगात पुष्कळ असतात. त्यांचं म्हणणं लिहून ठेवणारी ताई एकटीच.

पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, ताईला चौकशीच्या टेबलावर बसवलं, मग ती निवृत्त झाली. यादी मात्र वाढत राहिली. बत्तीसशे माणसं. प्रत्येकाचं एक कार्ड: गट, नंबर, शेवटचं रक्त कधी दिलं, आणि खाली ताईच्या बारीक अक्षरात एक ओळ. ‘शुक्रवारी नको.’ ‘घरी कळू देऊ नये, बायको रागावते.’ ‘चक्कर येते, पण येतो. आधी झोपवावं.’ समोरचा जे सांगेल ते ती लिहिणार, आपल्या पदरचं त्यात काही घालणार नाही. आणि रक्त कुणाला दिलं, तो माणूस पुढे वाचला की गेला, हे देणाऱ्यालासुद्धा सांगणार नाही. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच राहतं, हा तिचा कायदा. किती लोकांनी किती परीने विचारून पाहिलं. ती फक्त हसते आणि चहा घेणार का म्हणून विचारते.

आता माझं सांगतो, कारण न सांगून चालणार नाही.

माझा गट ओ निगेटिव्ह आहे. डेपोत नोकरीला लागताना तपासणी झाली तेव्हा कळलं. ताईला एवढा आनंद झाला, जसा काही मी परीक्षेत पहिला आलो. ओ निगेटिव्हवाल्यांना फक्त ओ निगेटिव्हच चालतं, आणि शंभरात असतात मोजके. तिने लगेच माझं कार्ड केलं. आणि अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा मला फोन आला. ‘धाकट्या, ओ निगेटिव्ह हवंय. येतोस?’ मी नुकताच पहाटेच्या शिफ्टवरून आलो होतो, पाय धुऊन, पंखा लावून आडवा झालो होतो. सुईची भीती नव्हती, घरात अडचण नव्हती. कंटाळा आला, इतकंच. मी म्हणालो, ‘ताई, मला ताप आहे.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिने मला कधी विचारलं नाही. रागावली नाही, टोमणा मारला नाही, जेवायला बोलवायची थांबली नाही. त्या दिवशी कुणाला रक्त हवं होतं, बाई होती की पुरुष, मिळालं की नाही, मला काहीही माहीत नाही. आणि विचारायचं कोणत्या तोंडाने? अकरा वर्षं मी हॉस्पिटलसमोरून जाताना फुटपाथ बदलतो. तिने माझं खोटं ओळखलं की नाही, एवढं मला कळायला हवं होतं. आणि ते माझ्या कार्डावरच्या त्या एका ओळीत असणार, याची मला खात्री होती. पण कार्डांना ती कुणाला हात लावू देत नसे.

ती कार्डं आधी बुटांच्या खोक्यांत होती. खोकी कपाटावर, पलंगाखाली, शेवटी न्हाणीघराच्या माळ्यावर. मीच तिच्या मागे लागून घरी कॉम्प्युटर आणवला आणि सगळी कार्डं स्कॅन करायला लावली. दीड वर्ष ती रोज पाच-सहा कार्डं करत होती. मग मी म्हणालो, आता ही कागदं रद्दीत घालू. ताई म्हणाली, ‘लोकांचं दुखणंखुपणं रद्दीवाल्याच्या तराजूत?’ आणि तीन आठवडे बसून प्रत्येक कार्डाचे आठ-आठ तुकडे केले. माझ्या हुशारीने असं सगळं एका डब्यात जाऊन बसलं. दुसरी प्रत काढून ठेवू, असं मी दर महिन्याला म्हणायचो. उद्या करू, उद्या करू करत ते राहिलं.

या वर्षी तो कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू केला की आत काहीतरी घरघरायचं, आणि पाऊण तासाने गरम होऊन आपोआप बंद पडायचा. मागची पेन ड्राइव्ह लावायची भोकंही गेली होती, एक उरलं होतं ते माउसने अडवलेलं. नवा कॉम्प्युटर आला. प्रश्न एवढाच, की जुन्यातलं नव्यात न्यायचं कसं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, इंटरनेटवर चढवा आणि तिकडून उतरवा, एका रात्रीत होईल. ताईने मान हलवली.

‘मध्ये कोणी बसलेलं नको,’ ती म्हणाली.

‘कोणी बसलेलं नसतं, ताई. मशीनं असतात.’

‘मी बसत होते ना मध्ये बावीस वर्षं. मध्ये बसणाऱ्याला काय काय ऐकू येतं ते मला विचार.’

मग मी म्हणालो, दोन्ही कॉम्प्युटर एका वायरने थेट एकमेकांना जोडू. मध्ये कोणीच नाही. ती खूश झाली. मीही खूश झालो, पण माझं कारण वेगळं होतं. सगळं नव्यावर आलं, की तपासून बघण्याच्या निमित्ताने मी ओ निगेटिव्हचा फोल्डर उघडणार होतो. कॉम्प्युटरवाल्याने हसत हसत वायर करून दिली. साधी वायर नव्हे, एका टोकाला आतल्या दोन जोड्यांची अदलाबदल केलेली, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाईल. जुन्या मशीनला तशीच लागते म्हणाला.

माझ्या सुटीच्या दिवशी अकरा वाजता मी तिच्या घरी पोचलो. ताईने टेबल पुसून ठेवलं होतं. दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते, आणि जुन्याचं झाकण मी सांगितल्याप्रमाणे काढून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला होता. बिचाऱ्याच्या पोटातली सगळी धूळ तिने ब्रशने साफ केलेली दिसली.

मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. वायर लावली आणि झालं. कसलं काय. दोघं एकमेकांकडे ढुंकून बघायला तयार नाहीत. मी वायर काढली, लावली, पुन्हा काढली. मग आठवलं की दोघांना नंबर द्यावे लागतात.

‘म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांचे नंबर समज,’ मी म्हणालो. ‘याला एक, त्याला दोन.’

‘म्हणजे एक्स्टेंशन.’

‘एक्स्टेंशन नाही गं.’

‘मग काय?’

‘बरं, एक्स्टेंशनच,’ मी म्हणालो.

नंबर दिले, तरी नाही. नव्या मशीनच्या आत एक पहारेकरी असतो, अनोळखी कुणाला आत घेत नाही. त्याला थोडा वेळ झोपवायला हवं होतं. तो बंद करायचा कुठून हे शोधण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात जुना गरम होऊन बंद पडला. मी टेबलावर हात आपटला. ताई म्हणाली, ‘त्याच्यावर कशाला चिडतोस? वय झालंय त्याचं.’ आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो, स्वयंपाकघरात गेलो, परत आलो. डेपोत मी गाड्यांच्या वेळा लिहितो. तिथे गाडी तीन मिनिटं उशिरा आली तर लाल शाईने लिहायची असते. मला ताटकळायची सवय नाही, दुसऱ्यांना उशिराबद्दल बोल लावायची आहे.

अर्ध्या तासाने तो थंड झाला. पुन्हा चालू केला. आणि या वेळी नव्याच्या पडद्यावर जुन्याचा फोल्डर दिसला. आत आठ फोल्डर, आठ गटांचे. ताईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी सगळे निवडले आणि नव्या मशीनवर तिने आधीच करून ठेवलेल्या फोल्डरमध्ये टाकले. एक हिरवी पट्टी हळूहळू भरू लागली. पस्तीस मिनिटं, असं खाली आलं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं. म्हणजे जुना बंद पडायच्या आत जेमतेम होणार होतं.

ती पट्टी बघत बसणं मला जमेना. दर मिनिटाला वाटायचं, आता बंद पडणार. आणि पट्टी पुढे सरकली की दुसरंच वाटायचं: आता येणार, ती ओळ आता येणार. ‘लबाड’ लिहिलं असेल का? ताई असा शब्द लिहिणार नाही. ‘विचारू नये’ लिहिलं असेल. किंवा काहीच नसेल, नुसती रेघ. रेघच सगळ्यात वाईट.

‘मी जरा पाय मोकळे करून येतो,’ मी म्हणालो.

‘जा,’ ती म्हणाली. ‘तुझ्या फेऱ्यांनी फरशी झिजायची.’

ती जुन्या कॉम्प्युटरच्या मागे खुर्ची टाकून बसली होती. जिथे वायर खुपसली होती तिथे एक छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता. ती त्या दिव्याकडेच बघत होती. पडद्याकडे तिची पाठ होती.

मी खाली गेलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाच्या घड्याळात पावणेदोन वाजलेले बघून धापा टाकत जिना चढलो. वर आलो तर वायर काढलेली. नुसती काढलेली नाही, व्यवस्थित गुंडाळून, मधोमध गाठ मारून टेबलावर ठेवलेली. जुना कॉम्प्युटर बंद. फॅनही बंद.

‘झालं?’ मी विचारलं.

‘झालं. दिवा लुकलुकायचा थांबला, स्थिर झाला. मी पाच मिनिटं वाट बघितली, मग दोरी काढली. नंतर त्या पडद्यावर एक पाटी आली होती, मी ओकेवर दाबलं, ती गेली. याला फार गरम झालं होतं म्हणून बंद करून टाकलं.’

मी नव्या मशीनवर बघितलं. आठ फोल्डर. मी बोटाने मोजले. आठ. मला इतकं हलकं वाटलं की मी ताईला म्हणालो, ‘तू म्हणजे अजून ऑपरेटरच आहेस.’ ती लाजून हसली. माउस शेवटच्या फोल्डरवर नेला. ओ निगेटिव्ह. ताई माझ्या मागे उभी होती. चहा करायला गेली की उघडू, असा विचार करत मी थांबलो.

आणि फोन वाजला.

‘हॅलो,’ ताई म्हणाली. त्या एका शब्दानंतर ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, ‘सावकाश. बायकोचं नाव नको, गट सांगा. किती पाहिजे? किती वाजता?’ फोनजवळच्या दगडी पाटीवर पेन्सिलीने लिहिलं. मला तिच्या खांद्यावरून दिसलं: ओ निगेटिव्ह, दोन, ऑपरेशन चार वाजता. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं: बायको बाळंतपणात अडलेली, रक्तपेढीत या गटाची एकही बाटली नाही. तपासायला वेळ लागतो, म्हणून तीन वाजेपर्यंत माणसं तिथे पोचायला हवी होती.

‘उघड रे,’ ताई म्हणाली. ‘शेवटचा फोल्डर.’

ज्याच्यासाठी मी सकाळपासून तळमळत होतो तोच फोल्डर तिने उघडायला सांगितला. मी उघडला. आत काही नव्हतं. एक कागद होता, त्याच्यावर रकान्यांची नावं होती: नाव, नंबर, तारीख. खाली सगळं पांढरं.

‘हे काय?’

ताई वाकून बघू लागली. ‘हा मी काल केला होता,’ ती हळू म्हणाली. ‘नव्या बटणांवर हात बसवायला. म्हटलं सगळ्यात महत्त्वाचा गट आधी करून बघू. तो इथे कसा?’

मला कळायला थोडा वेळ लागला. सात फोल्डर नीट आले. आठव्यापाशी मशीन थांबलं, कारण त्याच नावाचा फोल्डर इथे आधीच होता. एकात एक मिसळू का, असा प्रश्न त्याने पडद्यावर विचारला आणि उत्तराची वाट बघत बसलं. वाट बघताना वायरमधून काही जात नव्हतं, म्हणून दिवा स्थिर झाला. दिवा स्थिर झाला म्हणून ताईने दोरी काढली. कॉम्प्युटरच्या दुनियेत ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. आणि मी तिथे बसून राहिलो असतो तर तिच्याही हातून झाली नसती.

मी जुना कॉम्प्युटर चालू केला. घरघर झाली, थांबली. पुन्हा बटण दाबलं. टक् असा आवाज आला, पडदा काळाच. तिसऱ्यांदा टक्सुद्धा नाही. मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आतली डिस्क काढून आणा, संध्याकाळपर्यंत काढून देतो सगळं. संध्याकाळपर्यंत!

‘माझंच चुकलं,’ ताई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खुर्ची ओढून फोनपाशी बसली. दोन वाजले होते.

मग तिने डोळे मिटले आणि आठवून आठवून नंबर लावायला सुरुवात केली. पहिला लागला, माणूस परगावी. दुसऱ्याने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. तिसरा नंबर बदललेला, चुकीच्या घरी लागला. तिने माफी मागितली आणि फोन ठेवला. चौथ्याच्या घरी बायकोने उचलला. ताई ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘मला माहीत नव्हतं हो. कधी?’ आणि आणखी थोडं ऐकून फोन खाली ठेवला. डोळे पुसले नाहीत, पाचवा नंबर फिरवला. पाचवा म्हणाला, येतो. शाळेत शिपाई होता, अर्ध्या तासात पोचतो म्हणाला. एक झाला. सहावा कुणी उचलेना. सातवा आठवेना. ती बोटांनी टेबलावर आकडे लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची.

मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. सव्वादोन. वीस मिनिटं. पंचवीस. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो आणि ताई घड्याळ सोडून सगळीकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती सगळीकडे बघतेय, फक्त माझ्याकडे नाही. एकदा तिची नजर माझ्या पावलांपर्यंत आली आणि तिथूनच वळली. तीन हातांवर ओ निगेटिव्ह माणूस उभा आहे आणि ही बाई सहा किलोमीटरवर फोन फिरवतेय! मला तिचा संताप आला. विचारत का नाही? तोंडाने एकदा विचारत का नाही? आणि पुढच्या फेरीत तो संताप उलटा माझ्यावरच आला, कारण विचारायला तिने काय ठेवलं होतं, आणि सांगायला मी काय ठेवलं होतं?

हॉस्पिटलमधून परत फोन आला. तोच नवरा असणार. ताई म्हणाली, ‘एक निघालेत. दुसऱ्यांचं बघतेय. ठेवू नका, लाइनवर थांबा.’ आणि रिसीव्हर छातीशी धरून पुन्हा डोळे मिटले.

‘ताई,’ मी म्हणालो.

‘थांब रे, एक नंबर येतोय डोक्यात. तुझ्या मोबाइलवरून लाव.’

‘ताई, माझं कार्ड आहे ना तुझ्याकडे?’

तिने डोळे उघडले. ‘आहे.’

‘खालच्या ओळीत काय लिहिलंयस?’

‘आत्ता हे कशाला?’

‘सांग.’

ती जराशी गोंधळली, जसं काही मी भलतंच सोपं काहीतरी विचारलं होतं. ‘काय लिहिणार? तू सांगितलंस ते. ताप आहे.’

‘आणि पुढे?’

‘पुढे काय? ताप उतरला असं तू कळवलं नाहीस. मग मी कसं लिहिणार?’

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. मी तिला ओळखतो, तिला टोमणा मारता येत नाही. ती खरोखर अकरा वर्षं माझ्या फोनची वाट बघत होती. त्या दिवशी काय झालं, कोण होतं, मिळालं का त्याला, हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण ती सांगणार नाही हे मला माहीत होतं, आणि आपल्याला ते कधीच कळणार नाही हेही तेव्हाच पुरतं कळलं. दोन वाजून पस्तीस झाले होते.

‘मला ताप नाहीये,’ मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे बघितलं. मग रिसीव्हर खांदा आणि गालाच्या मध्ये धरला, पाटी पुढे ओढली आणि पेन्सिल उचलली. तिचा आवाज बदलला. बत्तीसशे माणसांशी ती ज्या आवाजात बोलते तो मी माझ्यासाठी आजवर ऐकला नव्हता.

‘वय?’

‘बावन्न.’

‘शेवटचं रक्त कधी दिलंत?’

‘कधीच नाही,’ मी म्हणालो.

तिने लिहिलं. ‘कुठलं औषध चालू आहे?’

‘नाही.’

‘आज काही खाल्लंत?’

‘सकाळी.’

तिने टेबलावरचा बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी दोन बिस्किटं तोंडात कोंबली आणि चपला पायात सरकवू लागलो. घाईत अंगठा चपलेत जाईना. तिने ते बघितलं असेल, पण उठली नाही. ती रिसीव्हरमध्ये बोलत होती.

‘हॅलो, ऐकताय ना? दुसरेही मिळाले. हो, हो. आत्ताच निघालेत.’